कॅमेऱ्यासमोरची माणसं

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही ही चार नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं गेलं. आरोप होता पोलिसांच्या हत्येचा. त्याआधीच्या मे महिन्यात सोलापुरात जे घडलं, त्याच्या दोन कहाण्या शिल्लक राहिल्या. एक सरकार दरबारी लिहिली गेली. दुसरी पेठापेठांतून, पोवाड्यांतून आणि घराघरांतल्या आठवणींतून पुढे आली.

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरचं गिरणगाव पेटून उठलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. पोलीस आडवे आले, कलेक्टर नाइट तिथे पोहोचला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण जागीच ठार झाला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, न्यायालयाची इमारत जाळली. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही नव्हती. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. ध्वज फडकवणं हा गुन्हा ठरला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी मार बसू लागला. चौघांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. लिहिणारा माणूस कायद्याच्या तावडीत सर्वांत आधी सापडतो, हे सोलापूरने तेव्हाच पाहिलं.

त्याच वर्षी देशात आणखी एक गोष्ट घडत होती. दांडीयात्रेचं आणि सविनय कायदेभंगाचं चित्रीकरण करून मुंबईतल्या चित्रसंस्थांनी छोटे वृत्तपट तयार केले होते. प्रांतोप्रांतीच्या सरकारांनी त्यांतल्या अनेकांवर बंदी घातली. त्यांत ना कुठली कथा होती, ना कुणी नट. लोक चालत होते आणि कॅमेऱ्याने ते टिपलं होतं, एवढंच. तरीही तेवढं दाखवणं सत्तेला परवडणारं नव्हतं. आपल्याकडच्या शोधक माहितीपटाचा इतिहास इथूनच धरायला हवा. घडलेली गोष्ट सरकारी नोंदीबाहेर टिकवण्याची धडपड आणि त्या धडपडीची किंमत, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून बरोबरच चालत आल्या आहेत. ही किंमत मोजतो कोण, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो. पुढची हकीकत त्या प्रश्नाची आहे.

बार्शीचा शाहीर

कॅमेरा महाग होता, फिल्म परदेशातून यायची. कामगारांच्या हाती जे होतं ते डफ, तुणतुणं आणि गळा. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल हा गिरणी कामगार पुढे शाहीर अमर शेख झाला. बार्शीच्या गिरणीतला संप आणि त्यापायी भोगलेला तुरुंगवास, ही त्यांच्या शाहिरीची शाळा. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणीतला संप, चाळीतली उपासमार, बंगालचा दुष्काळ, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ असे सगळे विषय या पथकाने गावोगावच्या मैदानांत नेले.

आज त्या कामाकडे मनोरंजन किंवा प्रचार म्हणून पाहण्याची सवय आहे. पण वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला संपात काय झालं, कुणी मध्यस्थी केली, कुणी दगा दिला, हे कळायचं ते या कलापथकाकडूनच. शाहीर वस्तीत जाऊन माहिती काढायचा, नावानिशी मांडायचा आणि ज्यांच्याबद्दल ती होती त्यांच्यासमोरच सादर करायचा. खोटं बोलला तर समोरचाच उठून सांगणार, ही त्याची कसोटी होती. सरकारने कलापथकाच्या तमाशांवर बंदी आणली. सरकारलाही ते नुसतं गाणं वाटत नव्हतं, हे त्या बंदीतून दिसतं. पुढे महाराष्ट्रात जो शोधक माहितीपट उभा राहिला, त्याने ही शाहिरी पार्श्वसंगीत म्हणून वापरली नाही, तिला साक्षीदाराचा मान दिला. म्हणून बार्शीचं नाव या इतिहासात आधी घ्यायचं.

भिंतीवरची फिल्म

१९७४ मध्ये आनंद पटवर्धन हा चोविशीतला तरुण बिहारच्या आंदोलनात पोहोचला. जन्म १९५० चा, घरात स्वातंत्र्यलढ्याचा वारसा. बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतले अच्युतराव पटवर्धन हे त्याचे काका. जयप्रकाश नारायण यांच्या पाटण्यातल्या मोर्चावर पोलीस काय करतात याचा पुरावा असावा म्हणून त्याने उसन्या सुपर ८ कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं. तो घरगुती वापराचा कॅमेरा, त्याची फिल्म अगदी अरुंद. त्यावरून चित्रपटगृहासाठी प्रत काढता येत नसे. मग ते चित्रीकरण पडद्यावर पाडायचं आणि समोर १६ मिलिमीटरचा कॅमेरा लावून पुन्हा चित्रित करायचं, असा मार्ग निघाला. त्यामुळे ‘क्रांती की तरंगें’ या चित्रपटातली दृश्यं खरबरीत, दाणेदार आणि थोडी थरथरती दिसतात. पैशाच्या अडचणीतून आलेल्या त्या रूपामुळे प्रेक्षकाला मात्र आपण प्रत्यक्ष तिथे उभे असल्यासारखं वाटतं.

चित्रपट हातावेगळा होतो न होतो तोच जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. सबंध प्रत सापडली असती तर ती घेऊन जाणाराच नव्हे, तिच्यात दिसणारे चेहरेही गोत्यात आले असते. म्हणून प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या हातांनी परदेशी पाठवले गेले आणि तिकडे पुन्हा जोडले गेले. सत्ता उलटल्यावर १९७८ मध्ये आला ‘ज़मीर के बंदी’, राजकीय कैद्यांवरचा. तोपर्यंत या देशात माहितीपट म्हणजे चित्रपटगृहात मुख्य सिनेमाआधी सक्तीने दाखवला जाणारा फिल्म्स डिव्हिजनचा रीळ, अशीच बहुतेकांची समजूत होती. धरणं, धान्योत्पादन, पंचवार्षिक योजना सांगणारा भारदस्त आवाज हे त्याचं ठरलेलं रूप. पटवर्धनांनी तो आवाज हळूहळू काढूनच टाकला. समोरच्या माणसाला बोलू द्यायचं, प्रश्न विचारणारा आवाज पडद्याबाहेरून ऐकू येऊ द्यायचा आणि दोन साक्षी एकमेकींशेजारी ठेवून निकाल प्रेक्षकावर सोडायचा. ही पद्धत ‘हमारा शहर’ मध्ये पक्की झाली. १९८५ च्या या चित्रपटात मुंबईच्या झोपड्या पाडणारे अधिकारी आणि त्याच झोपड्यांतल्या बायका, दोघंही आपापली बाजू सांगतात. त्याच चित्रपटात हातात एकतारी घेतलेला एक शाहीर गातो. त्याचं नाव विलास घोगरे.

लालदास पुजारी

१९९२ चा ‘राम के नाम’ अयोध्येतल्या आंदोलनाचा माग काढतो. बाबरी मशीद पडण्याआधीच तो पूर्ण झाला होता. सर्वोत्कृष्ट शोधक माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तरीही दूरदर्शनने तो दाखवला नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली आणि तेव्हा कुठे १९९७ मध्ये तो प्रक्षेपित झाला. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५ चा. त्याच्या प्रक्षेपणासाठी लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २५ ऑगस्ट २००६ रोजी निकाल दिग्दर्शकाच्या बाजूने लागला. ‘जंग और अमन’ला सेन्सॉर मंडळाने कात्र्या सुचवल्या. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने तो एकही कात्री न लावता दाखवण्याची मुभा दिली. त्याच सुमारास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. देशभरच्या माहितीपटकारांनी एकत्र येऊन विरोध केला आणि २००४ मध्ये ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला.

न्यायालयातल्या या लढाया मोलाच्याच. त्यांच्यामुळे पुढच्या पिढीला वाट मोकळी झाली. पण दिग्दर्शकाची जोखीम मोजून इतिहास संपत नाही. ‘राम के नाम’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातले पुजारी लालदास विसरता येत नाहीत. न्यायालयाने नेमलेले ते वादग्रस्त जागेचे मुख्य पुजारी होते. कॅमेऱ्यासमोर शांतपणे, कुठेही आवाज न चढवता, त्यांनी मंदिराच्या नावाखाली चाललेल्या राजकारणावर आणि पैशांच्या व्यवहारावर बोट ठेवलं. १९९२ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यांच्या बोलण्याचा आणि खुनाचा संबंध कुठल्या न्यायालयात सिद्ध झालेला नाही, आणि तो इथे जोडायचाही नाही. पण दिग्दर्शक चित्रीकरण संपवून मुंबईला परतू शकतो. पुजाऱ्याला मात्र त्याच गावात, त्याच माणसांत राहायचं असतं. शोधक माहितीपटाच्या जोखमीचा खरा हिशेब इथे सुरू होतो.

रमाबाई नगर

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला कुणी तरी चपलांचा हार घातलेला आढळला. वस्ती रस्त्यावर आली, पूर्व द्रुतगती महामार्ग अडला. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. १० जण मेले. पोलिसांकडून सांगण्यात आलं की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, स्फोट झाला असता तर हजारो मेले असते, म्हणून गोळीबार अटळ होता. जळत्या टँकरचं चित्रीकरणही पुढे करण्यात आलं.

विलास घोगरे वस्तीत जाऊन आले. प्रेतं पाहिली. १५ जुलै रोजी मुलुंडच्या आपल्या घरात त्यांनी गळफास घेतला. डाव्या चळवळीत आयुष्य गेलेल्या या शाहिराने शेवटी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. पटवर्धन कॅमेरा घेऊन तिथे पोहोचले ते आपल्या ‘हमारा शहर’मधल्या गायकाने जीव का दिला याचा शोध घ्यायला. त्या शोधाला १४ वर्षं लागली आणि त्यातून उभा राहिला ‘जय भीम कॉम्रेड’.

या चित्रपटातला टँकरचा भाग शोधक कामाचा नमुना म्हणून पाहावा. पोलिसांच्या बाजूने आलेलं चित्रीकरण पटवर्धन पुन्हा पुन्हा चालवतात, थांबवतात. चौकटीत काय दिसतं, रस्ता कुठला, टँकर कुठे उभा आहे, गोळ्या कुठे चालल्या, हे एकेक करून तपासतात. वस्तीतल्या लोकांनी सांगितलेला क्रम त्याशेजारी ठेवतात. जागा आणि वेळ यांचा मेळ लागत नाही, हे प्रेक्षकाला आपल्या डोळ्यांनी दिसतं. गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही टँकरचा दावा मान्य केला नाही आणि गोळीबार अनावश्यक ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप ठोठावली. उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्यांना जामीन दिला.

आज लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातला ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ हा गट याच प्रकारचं काम संगणकाच्या मदतीने करतो. एकाच घटनेची अनेकांनी मोबाइलवर घेतलेली चित्रणं गोळा करायची, सावल्यांवरून वेळ काढायची, इमारतींवरून जागा ठरवायची आणि घटनेची त्रिमितीय प्रतिकृती उभी करायची. साधनं कितीतरी पुढे गेली आहेत. पण सत्तेने पुढे केलेलं चित्र तिच्याच चित्राने तपासायचं, ही बुद्धी रमाबाई नगरच्या चित्रपटातही होती.

‘जय भीम कॉम्रेड’चं दुसरं नवेपण त्याच्या लांबीत आणि गाण्यांत आहे. चित्रपट तीन तासांहून मोठा आहे. मधल्या वर्षांत खैरलांजीचं हत्याकांड घडलं, निवडणुका झाल्या, पक्ष बदलले, खटले रखडले आणि कॅमेरा त्या वस्त्यांमध्ये जात राहिला. एका बातमीतून जो अन्याय अपवाद वाटतो, तो १४ वर्षं पाहत राहिलं की पद्धत म्हणून ओळखू येतो. आणि या सगळ्याला धागा आहे तो शाहिरांचा, गायकांचा, भीमगीतांचा. कुणी तज्ज्ञ येऊन दलित राजकारणाचा इतिहास सांगत नाही. तो गाण्यांतून, गाणाऱ्यांच्या घरांतून आणि त्यांच्या आयांच्या बोलण्यातून उलगडतो. लाल बावटा कलापथकाने मैदानात जे केलं, ते इथे पडद्यावर आलं.

जानेवारी २०१२ मध्ये हा चित्रपट भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लोकांसमोर उलगडला. पुढेही तो वस्त्यांमध्ये दाखवला गेला. ज्यांची कहाणी, त्यांच्यासमोर ती मांडायची, हा शाहिराचा जुना नेम इथेही पाळला गेला.

कबीर कला मंच

चित्रपटाच्या उत्तरार्धात पुण्याचा कबीर कला मंच येतो. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर उभा राहिलेला वस्तीतल्या तरुण मुलामुलींचा गट. शीतल साठेंचा आवाज ज्याने एकदा ऐकला त्याला तो पुन्हा ओळखू येतो. २०११ मध्ये गटातल्या काहींना बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली, नक्षलवादाचे आरोप झाले आणि बाकीचे भूमिगत झाले. चित्रपट पूर्ण झाला तेव्हा त्याचे सर्वांत जिवंत कलाकार समोर यायच्या स्थितीत नव्हते.

इथे कॅमेऱ्याचा दुसरा उपयोग दिसला. चित्रपटामुळे या मुलांचं गाणं हजारो लोकांनी पाहिलं होतं. ती काय गातात, कुणासमोर गातात, हे लोकांना ठाऊक होतं. त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली. पटवर्धन त्यात होते. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर उघडपणे हजर झाले. आपण शरणागती पत्करत नसून सत्याग्रह करत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. गरोदर असलेल्या शीतल यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. सचिन माळींना २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्या कॅमेऱ्यामुळे माणूस नजरेत येतो, तोच त्याला एकटं पडण्यापासून वाचवूही शकतो. पण त्यासाठी चित्रीकरण संपल्यावरही दिग्दर्शकाला त्या माणसाच्या मागे उभं राहावं लागतं.

विवेक आणि त्यानंतर

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचं निधन झालं. या खुनांपासून निघालेला पटवर्धनांचा ‘विवेक’ २०१८ मध्ये पूर्ण झाला आणि ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या महोत्सवासाठी केंद्रीय मंत्रालयाने सेन्सॉरमधून सूट नाकारली. केरळ उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर तो दाखवला गेला. मात्र प्रकरणांमध्ये विभागलेला हा सुमारे चार तासांचा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी यूट्यूबवरही आला होता. आणीबाणीत ‘क्रांती की तरंगें’च्या प्रतीचे तुकडे केले ते लपवून नेण्यासाठी. आता तुकडे केले ते प्रवासात, मोबाइलवर, थोड्या डेटात पाहता यावेत म्हणून.

जगभरही याच दिशेने नवे मार्ग शोधले जात आहेत. इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कत्तलींवर जोशुआ ओपेनहायमर यांनी केलेल्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) मध्ये मारेकऱ्यांनाच आपली कृत्यं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्याच्या श्रेयनामावलीत स्थानिक सहकाऱ्यांच्या नावांच्या जागी ओळीने ‘अनामिक’ असं लिहिलेलं आहे. डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) मध्ये छळातून पळालेल्या समलिंगी तरुणांचे चेहरे संगणकाने बदलून दुसऱ्या स्वयंसेवकांचे चेहरे बसवले. डोळ्यांतलं पाणी, ओठांची थरथर मूळ माणसाची राहते, ओळख मात्र झाकली जाते. पूर्वी चेहऱ्यावर काळी पट्टी यायची आणि माणूसच दिसेनासा व्हायचा. या दोन्ही उदाहरणांत नवं तंत्र आणि नवी मांडणी चित्रपटात सामील झालेल्या माणसांच्या रक्षणाच्या गरजेतून जन्मली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. शोधक माहितीपटात रूप आणि जोखीम यांचा विचार वेगळा करता येत नाही. सोलापुरात आज सांगण्यासारख्या गोष्टींची वानवा नाही. बंद पडलेल्या गिरण्या, घरात बसून विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागांवरचे कामगार, दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. आणि आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तो काढणाऱ्या तरुणांनी आधी आपल्या साक्षीदारांची सोय पाहावी. मालकाविरुद्ध बोलणाऱ्या बाईचं काम उद्या गेलं तर काय, हा प्रश्न चित्रीकरणाच्या आधी तिच्याबरोबर बसून सोडवावा. नाव द्यायचं की नाही, चेहरा दाखवायचा की नाही, हे तिने ठरवावं, आणि मत बदललं तर तेही मानावं. मूळ चित्रीकरण एकाहून अधिक सुरक्षित ठिकाणी ठेवावं. ओळखीचा वकील आधी गाठून ठेवावा. आणि चित्रपट पुण्या-मुंबईच्या महोत्सवात जाण्याआधी तिच्या गल्लीत दाखवावा. तिथल्या माणसांनी उठून ‘हे असंच झालं होतं’ म्हटलं, तरच तो पुढे न्यावा.